मोटारीला लगाम कोणता?

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेला असलेला कळंबा तलाव संस्थानकाळातला. शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी उताराने शहरात येत असे. त्याला मोटार लागत नव्हती, वीज तर नव्हतीच. आज त्याच कळंबा परिसरात बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढविण्यासाठी प्रत्येक तळघरात एक विद्युत मोटार आहे. पहाटे ती सुरू होते त्या क्षणी जिन्यातील दिवा किंचित मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. रहिवाशांचे त्याकडे फारसे लक्षही जात नाही. परंतु गोकुळ शिरगाव किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात हीच मोटार ५ ऐवजी १०० अश्वशक्तीची असते, तेव्हा तो 'किंचित मंदावलेला दिवा' शेजारच्या यंत्राला बंद पाडू शकतो, रोहित्रावर ताण आणू शकतो आणि महिन्याच्या वीजबिलात मागणी आकार वाढवू शकतो. मोटार विकत घेताना उद्योजक तिच्या किमतीची चार ठिकाणी चौकशी करतो. ती सुरू कशी करायची आणि तिचा वेग कसा राखायचा, हा निर्णय मात्र बहुधा पॅनेल बनविणाऱ्यावर सोपविला जातो. वास्तविक मोटारीच्या आयुष्यभरातील विजेचा खर्च तिच्या खरेदीकिमतीच्या कित्येक पट असतो. त्यामुळे या दुसऱ्या निर्णयाचा विचार पहिल्याइतक्याच काळजीने व्हायला हवा.

कळंबा रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री आणि तारतंत्री या व्यवसायांचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना मोटारीच्या पाठात प्रथम जी गोष्ट शिकविली जाते, ती येथेही प्रथम सांगितली पाहिजे. कारखान्यात सर्रास दिसणारी मोटार ही तीन फेजची 'स्क्विरल केज' प्रेरण मोटार असते. तिच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज दिली जात नाही. स्थिर भागातील फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात प्रवाह आपोआप निर्माण होतो. ना ब्रश, ना कम्युटेटर. निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये अशा मोटारीची एकस्वे मिळविली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की यांनी तिला आजचे पिंजऱ्याचे रूप दिले. सव्वाशेहून अधिक वर्षे तिची मूळ रचना बदललेली नाही, यातच तिची थोरवी आहे.

तथापि या साध्या मोटारीत दोन स्वभावदोष आहेत. पहिला असा की स्थिर अवस्थेतून उठताना ती आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सहा ते सात पट प्रवाह ओढते. ३७ किलोवॉटची, म्हणजे ५० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर साधारण ६६ अँपिअर घेते. सुरू होताना हाच आकडा ४०० अँपिअरच्या पुढे जातो. १०० केव्हीएच्या रोहित्राची पूर्ण क्षमताच सुमारे १३३ अँपिअर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या धक्क्याचे स्वरूप कळते. दुसरा दोष असा की तिचा वेग विजेच्या वारंवारितेशी बांधलेला असतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ पुरवठ्यावर चार ध्रुवांची मोटार मिनिटाला १,४४० ते १,४८० फेरे घेणार. काम अर्धे असो वा पूर्ण. बाजारात मिळणारी सर्व नियंत्रण साधने या दोनांपैकी एका किंवा दोन्ही दोषांवरचा उपाय आहेत. आपल्याला नेमका कोणता दोष छळतो आहे, हे आधी ठरविले तर अर्धी निवड तेथेच होते.

थेट जोडणी: बदनाम, पण उपयुक्त

हिरवे आणि लाल बटण असलेला छोटा लोखंडी डबा शेतातल्या खोपीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वांच्या परिचयाचा आहे. हाच 'डीओएल' म्हणजे थेट स्टार्टर. आत एक कॉन्टॅक्टर, दाब गेल्यास सोडणारी कॉइल आणि जादा भाराचा रिले, एवढाच संसार. मोटारीला पूर्ण दाब एकदम मिळतो, ती पूर्ण टॉर्कने उठते आणि काही सेकंदांत वेग घेते. ५ ते १० अश्वशक्तीपर्यंत थेट स्टार्टर वापरण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. इचलकरंजीतील यंत्रमागाच्या छोट्या मोटारींना याहून अधिक काही देणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय. मोठ्या कारखान्यात स्वतःचे पुरेसे रोहित्र असेल, यंत्राचे पट्टे-गिअर झटका सोसणारे असतील, तर त्याहून मोठी मोटारही थेट सुरू करण्यास तांत्रिक हरकत नाही. मोटार स्वतः हा धक्का सहन करण्यासाठीच बांधलेली असते. प्रश्न असतो तो पुरवठ्याचा आणि पुढील यंत्राचा.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण कारखान्यात नव्हे, तर नदीकाठच्या शेतात सापडते. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते. वीज येताच रात्री-अपरात्री उठून पंप सुरू करण्याचे कष्ट नकोत म्हणून शेतकरी 'ऑटोस्विच' बसवितात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय रास्त आहे. पण एका रोहित्रावरचे वीस पंप वीज आल्या क्षणी एकदम उठले, तर प्रत्येकाचा सहापट प्रवाह एकाच वेळी रोहित्रावर कोसळतो. दाब खाली जातो, दाब खाली गेल्यामुळे मोटारींना वेग घ्यायला अधिक वेळ लागतो, तेवढा वेळ तो प्रचंड प्रवाह टिकून राहतो. आणि अखेरीस रोहित्र तरी जळते किंवा मोटारी तरी. म्हणूनच ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण वारंवार करीत आली आहे. प्रत्येक पंपाला काही सेकंद ते काही मिनिटे असा वेगवेगळा विलंब देणारा टायमर बसविला तरी हा प्रसंग बराचसा टळतो. पण हा स्वस्त उपाय आपल्याकडे म्हणावा तितका रुजलेला नाही.

स्टार-डेल्टा: अर्धवट समजलेला मित्र

मोटार जराशी मोठी झाली की 'स्टार-डेल्टा टाका' हा सल्ला ठरलेला. मोटारीच्या तीन गुंडाळ्या आधी स्टार पद्धतीने जोडायच्या, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण दाबाच्या ५८ टक्केच दाब मिळतो. मोटारीने वेग घेतल्यावर त्याच गुंडाळ्या डेल्टा पद्धतीने जोडून पूर्ण दाब द्यायचा. यामुळे सुरुवातीचा प्रवाह एक तृतीयांशावर येतो. आपल्या ५० अश्वशक्तीच्या मोटारीचे ४०० अँपिअर १३५-१५० वर उतरतात. तीन कॉन्टॅक्टर आणि एक टायमर एवढ्या खर्चात हा लाभ मिळतो. शिवाय यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक काही नाही आणि सुटे भाग उद्यमनगरात कोणत्याही दुकानात मिळतात.

येथवर सर्वांना ठाऊक असते. याची दुसरी बाजू अशी की प्रवाहाबरोबर टॉर्कही एक तृतीयांशच उरतो. पंखा, ब्लोअर, झडप बंद ठेवून सुरू केलेला पंप यांना सुरुवातीला फारसे बळ लागत नाही, त्यामुळे त्यांना ही पद्धत मानवते. पण फौंड्रीतील वाळूने भरलेला मिक्सर, मालासकट थांबलेला कन्व्हेयर, भरलेले बकेट एलिव्हेटर यांना स्टारमध्ये उठविणे म्हणजे अशक्ताच्या खांद्यावर पोते देण्यासारखे आहे. मोटार गुरगुरत राहते, टायमर आपली वेळ संपली की डेल्टात टाकतो आणि जवळजवळ थांबलेल्या मोटारीला पूर्ण दाब मिळून तोच सहापट झटका बसतो. म्हणजे तीन कॉन्टॅक्टरचा खर्च करून थेट स्टार्टरच विकत घेतल्यासारखे झाले. मोटारीने पूर्ण वेगाच्या ८०-९० टक्के मजल गाठल्यानंतर बदल व्हायला हवा. टायमर किती सेकंदांवर ठेवायचा हे त्यावरून, अँमीटरचा काटा खाली येताना पाहून ठरवावे लागते. कारखान्यातून बाहेर पडताना पॅनेलवाल्याने ठेवलेली वेळ वर्षानुवर्षे तशीच राहिल्याचे अनेक ठिकाणी आढळते.

भार रिकामा करून यंत्र सुरू करण्याची सोय असेल तर मात्र हा प्रश्नच उरत नाही. ऊस गाळणाऱ्या गुऱ्हाळघरातील चरकाला मोकळ्या पुलीची जुनी युक्ती असे. मोटार किंवा इंजिन मोकळ्या पुलीवर वेग घेई आणि नंतर पट्टा चालत्या पुलीवर सरकविला जाई. एकेकाळी ऑइल इंजिनांसाठी देशभर नाव मिळविलेल्या कोल्हापूरच्या कारागिरांना या युक्तीचे मर्म चांगले ठाऊक होते, कारण ऑइल इंजिनही भारासकट उठत नाही. आज महागडे इलेक्ट्रॉनिक साधन घेण्यापूर्वी 'हे यंत्र रिकामे सुरू करता येईल का?' हा प्रश्न विचारला तर पुष्कळ पैसे वाचतील.

स्टार-डेल्टामध्ये आणखी एक खाच आहे आणि तिच्यामुळे मोटारी जळतात. नेहमीच्या जोडणीत जादा भाराचा रिले मुख्य वाहिनीत नसून गुंडाळीच्या मार्गात असतो, तेथून एकूण प्रवाहाच्या ५८ टक्केच प्रवाह वाहतो. म्हणून नामपट्टीवर ६६ अँपिअर लिहिलेल्या मोटारीचा रिले ३८ अँपिअरवर ठेवावयास हवा. तो नामपट्टी वाचून ६६ वर ठेवला, तर मोटार पावणेदोन पट भार ओढीत राहिली तरी रिले शांत बसतो. एक फेज गेल्यावर तर कठीणच. अशी मोटार रिवाइंडिंगला जाते, दोष मोटारीला किंवा वीज कंपनीला दिला जातो, नवी गुंडाळी होते आणि तोच रिले त्याच आकड्यावर तिचे स्वागत करतो. नवे साधन खरेदी करण्यापूर्वी हातात पेचकस घेऊन आपल्या पॅनेलमधील रिलेंचे आकडे तपासणे, हा बिनखर्चाचा पहिला उपाय होय.

हेही ध्यानात ठेवावे की स्टार-डेल्टासाठी मोटारीची सहाही टोके बाहेर काढलेली असावी लागतात आणि ती ४१५ व्होल्टवर डेल्टात चालणारी असावी लागते. लहान मोटारी बहुधा स्टारमध्येच चालण्यासाठी बनविलेल्या असतात; त्यांना हा स्टार्टर लावता येत नाही.

सॉफ्ट स्टार्टर आणि नदीवरचे पंप

थायरिस्टर या अर्धवाहकाचा शोध १९५७ मध्ये अमेरिकेत लागला आणि त्यातून दाब हळूहळू वाढविणारा सॉफ्ट स्टार्टर शक्य झाला. यात दाब पायऱ्यापायऱ्यांनी नव्हे, तर चढणीसारखा वाढतो. मध्ये जोडणी तुटत नसल्याने स्टार-डेल्टातील बदलाचा ठोका येत नाही. मोटारीला तीनच टोके पुरतात. वेग आल्यावर बायपास कॉन्टॅक्टर भार घेतो आणि थायरिस्टर विश्रांती घेतात.

विक्रेते याला 'आधुनिक स्टार-डेल्टा' म्हणून विकतात, ते तितकेसे खरे नाही. टॉर्क दाबाच्या वर्गाने घटतो, हा येथला नियम. दाब निम्मा केला तर प्रवाह निम्मा होतो, पण टॉर्क चतुर्थांश होतो. स्टारमध्ये मिळतो तेवढा एक तृतीयांश टॉर्क सॉफ्ट स्टार्टरकडून हवा असेल तर प्रवाह पूर्ण-भाराच्या पावणेचार पटींच्या आसपास ठेवावा लागतो. स्टार-डेल्टात तो सव्वादोन पट असतो. म्हणजेच केवळ अँपिअर कमी करणे हा एकच हेतू असेल, तर जुना स्टार-डेल्टाच सरस ठरतो. जड भारासह उठणाऱ्या यंत्राला तर सॉफ्ट स्टार्टर हे औषधच नव्हे.

मग तो कोठे शोभतो? कोल्हापूर जिल्ह्यात याचे उत्तर नदीकाठी आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांवर सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या उपसा योजनांचे जाळे आहे. नदीतले पाणी उंच माळावर चढविणाऱ्या लांबच लांब वाहिन्या आणि त्यांच्या तोंडाशी मोठाले पंप. अशा वाहिनीत पंप सुरू करण्यापेक्षा थांबविण्याचा क्षण अधिक धोक्याचा असतो. पंप एकदम थांबला की चढत असलेला पाण्याचा स्तंभ उलटा फिरतो, नॉन-रिटर्न झडप आपटून बंद होते आणि दाबाची लाट वाहिनीतून धावते. पाण्याचा हा हातोडा वाहिनीचे सांधे उखडतो. सॉफ्ट स्टार्टरमधील 'सॉफ्ट स्टॉप' मोटारीला दहा-वीस सेकंदांत हळूहळू थांबवितो, तेव्हा झडप आपटत नाही. वीजच गेली तर मात्र हा लाभ मिळत नाही, म्हणून वाहिनीवरील हवेच्या झडपा आणि दाब सोडण्याची व्यवस्था यांना पर्याय नाही.

सॉफ्ट स्टार्टरने वीज वाचते, असा दावा क्वचित ऐकू येतो. पूर्ण वेगावर चालणाऱ्या मोटारीला तो काहीच करीत नाही. मग वाचणार काय? सुरुवातीची काही सेकंदे बिलात नगण्य असतात.

व्हीएफडी: कोठे वाचवते, कोठे नाही

वेग बदलणारे एकमेव साधन या यादीत आहे ते व्हीएफडी, म्हणजे वारंवारिता बदलणारी ड्राइव्ह. येणारी प्रत्यावर्ती वीज ती आधी एकदिश करते, साधारण ५६० ते ५९० व्होल्टवर कपॅसिटरमध्ये साठविते आणि त्यातून हव्या त्या वारंवारितेची वीज पुन्हा घडविते. दाब आणि वारंवारिता यांचे प्रमाण कायम राखल्याने मोटारीचे चुंबकीय क्षेत्र पुरेसे टिकते. त्यामुळे कमी वेगावरही टॉर्क मिळतो आणि सुरुवातीचा प्रवाह पूर्ण-भाराच्या आसपासच राहतो. जड भार उठवायचा असेल आणि पुरवठा अशक्त असेल, तर अन्य तिन्ही पद्धती जेथे हरतात तेथे ही जिंकते. आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्वस्त झाल्यापासून, म्हणजे १९९० च्या दशकापासून, या ड्राइव्ह सामान्य कारखान्याच्या आवाक्यात आल्या. त्यापूर्वी वेग बदलायचा तर डीसी मोटार, स्लिपरिंग मोटार किंवा जुने कामगार ज्याला 'डायनोड्राइव्ह' म्हणत ती चुंबकीय कपलिंगची मोटार, हेच मार्ग होते. त्यांची देखभाल किती जिकिरीची असे, हे त्या काळच्या फोरमनना विचारावे.

व्हीएफडीची खरी कीर्ती आहे ती वीजबचतीसाठी. पंखा आणि ब्लोअर यांच्या बाबतीत ती सार्थ आहे. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, पण त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने घटते. वेग ८० टक्के केला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरला डँपर अर्धवट बंद करून चालविणे म्हणजे मोटारगाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने वेग सांभाळण्यासारखे आहे, आणि फौंड्र्यांमध्ये हे दृश्य नवे नाही. समजा, डँपरने आवळलेला असा एक ब्लोअर ३० किलोवॉट घेतो आणि डँपर पूर्ण उघडून वेग कमी केल्यावर, ड्राइव्हमध्ये वाया जाणारे तीन-चार टक्के धरूनही, तो २० किलोवॉट घेऊ लागला. वर्षाला ६,००० तास चालणाऱ्या यंत्रावर ६०,००० युनिट वाचले. युनिटला ८ रुपये धरल्यास ही रक्कम ४ लाख ८० हजार होते. ड्राइव्हचे दरपत्रक मागवावे आणि या आकड्याशेजारी ठेवावे. साखर कारखान्यांत बॉयलरच्या पंख्यांना ड्राइव्ह बसल्या त्या याच हिशेबाने. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात तर वाचलेले प्रत्येक युनिट विकता येते.

स्क्रू कॉम्प्रेसरचा हिशेब वेगळा आहे. तेथे घनाचा नियम नाही. शक्ती ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात घटते. पण हवेची मागणी नसताना अनलोड अवस्थेत नुसता फिरणारा कॉम्प्रेसरही पूर्ण शक्तीच्या चौथा ते तिसरा हिस्सा खात असतो. मागणी दिवसभर खाली-वर होत असेल तर ड्राइव्ह हा हिस्सा वाचवते. मागणी सतत पूर्ण असेल तर ड्राइव्ह बसवून उलट तीन-चार टक्क्यांचे नुकसानच पदरी पडेल.

पंपाच्या बाबतीत मात्र सर्वाधिक फसगत होते, म्हणून जरा थांबून पाहू. घनाचा नियम पंपाला लागू आहे, पण तो पाणी फिरते ठेवण्याच्या कामाला; उंचीवर चढविण्याच्या कामाला नव्हे. एका उपसा योजनेत पाणी ६० मीटर उंच चढवायचे आहे आणि वाहिनीतील घर्षणासाठी आणखी १० मीटर दाब लागतो, असे मानू. झडप बंद असताना हा पंप जास्तीत जास्त ८५ मीटर दाब देतो. आता वेग ९० टक्के केला तर पंपाचा कमाल दाब वेगाच्या वर्गाने घटून ६९ मीटरवर येतो आणि पाणी पूर्वीच्या सुमारे ६० टक्केच चढते. वेग ८४ टक्क्यांवर आला की कमाल दाब बरोबर ६० मीटर उरतो. पाणी चढणे थांबते आणि पंप आपल्याच पोटात पाणी घुसळीत वीज खात राहतो. मधल्या वेगांवर दर हजार लिटरमागे विजेची बचत जवळजवळ होत नाही, कारण पंपाची कार्यक्षमताही घसरलेली असते. अशा योजनेला ड्राइव्ह विकणाऱ्याने ५१ टक्क्यांचे कोष्टक दाखविले, तर त्याला उंचीचा आकडा विचारावा. याउलट बंद चक्रात पाणी फिरविणाऱ्या शीतकरण पंपाला, म्हणजे फौंड्रीतील इंडक्शन भट्टीच्या थंड पाण्याच्या चक्रासारख्या ठिकाणी, चढ जवळपास नसतोच. तेथे बचत खरी आहे. मात्र भट्टीला किमान किती पाणी लागते ते निर्मात्याला विचारूनच वेग कमी करावा. पाणी अपुरे पडले तर भट्टीची कॉइलच धोक्यात येते.

कळंब्यातल्या इमारतींनाही हाच न्याय. गच्चीवरची टाकी भरणाऱ्या पंपाला साधा स्टार्टर आणि पाणी संपल्यावर बंद करणारे संरक्षण पुरेसे आहे. टाकीशिवाय प्रत्येक मजल्यावर एकसारखा दाब देणारी हायड्रोन्यूमॅटिक यंत्रणा असेल तर मात्र मागणी क्षणोक्षणी बदलते, तेथे ड्राइव्ह योग्य.

व्हीएफडीच्या किमतीत न दिसणारे काही खर्च असतात. पहिला खर्च हार्मोनिक्सचा. ड्राइव्ह पुरवठ्यातून स्वच्छ लहरीऐवजी तुटक प्रवाह ओढते. ज्या वसाहतीत इंडक्शन भट्ट्यांमुळे हा दोष आधीच आहे, तेथे भर पडते. पॉवर फॅक्टरसाठी बसविलेल्या कपॅसिटरशी या हार्मोनिक्सचा अनुनाद झाला तर कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येऊ लागल्याने प्रत्यक्ष पॉवर फॅक्टर थेट पैशांत मोजला जातो. ड्राइव्हमुळे कागदावर सुधारलेला पॉवर फॅक्टर हार्मोनिक्समुळे मीटरवर तितका सुधारलेला दिसत नाही. ड्राइव्हच्या तोंडाशी लाइन चोक बसविणे हा त्यावरचा किमान उपाय. आणि मोटारीच्या टोकांवर असलेला जुना कपॅसिटर काढल्याशिवाय ड्राइव्ह चालू करू नये. अशी चूक झाल्यास ड्राइव्ह काही क्षणांतही निकामी होऊ शकते. सॉफ्ट स्टार्टरच्या पुढेही कपॅसिटर लावायचा नसतो.

दुसरा खर्च मोटारीचा. तिच्या मागचा पंखा तिच्याच आसावर असतो. वेग कमी झाला की वाराही कमी. निम्म्या वेगावर पूर्ण टॉर्क सतत लागणार असेल तर स्वतंत्र पंखा बसवावा लागतो. ड्राइव्ह आणि मोटार यांत लांब केबल असेल तर दाबाचे तीक्ष्ण ठोके गुंडाळीच्या इन्सुलेशनवर आदळतात. दोन-तीनदा रिवाइंड झालेल्या जुन्या मोटारीला ड्राइव्ह लावण्यापूर्वी म्हणूनच विचार करावा. बोअरमधील सबमर्सिबल मोटारीचे थ्रस्ट बेअरिंग पाण्यावर तरंगते. ती साधारण ३० हर्ट्झच्या खाली रेंगाळता कामा नये.

तिसरा शत्रू धूळ. फौंड्रीच्या हवेत वाळूबरोबर लोखंडाचा बारीक कणही असतो आणि तो विद्युतवाहक असतो. ड्राइव्हचा स्वतःचा पंखा हीच हवा सर्किटवर ओढून घेतो. पॅनेल स्वच्छ, दाब राखलेल्या खोलीत ठेवणे शक्य नसेल तर धूळरोधक कवचाची ड्राइव्ह घ्यावी. हे शक्य नसेल तर तेथे कॉन्टॅक्टरचा स्टार्टर अधिक काळ टिकेल, हे मान्य करावे. ड्राइव्हमधील कपॅसिटर आणि पंखे काही वर्षांनी बदलावे लागतात, याची तरतूद खरेदीच्या वेळीच करावी. वीज बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही मिनिटे टिकतो. ड्राइव्हवर लिहिलेला प्रतीक्षेचा काळ संपेपर्यंत झाकण उघडू नये, हे प्रत्येक वीजतंत्र्याला बजावले पाहिजे.

क्रेनवरच्या स्लिपरिंग मोटारी हा वेगळा विषय आहे. रोटरमधील रोध टप्प्याटप्प्याने कमी करून त्या भरपूर टॉर्कने, मर्यादित प्रवाहात उठतात. नव्या क्रेनवर ड्राइव्ह येऊ लागल्या असल्या तरी चांगल्या स्थितीतील जुनी स्लिपरिंग मोटार निव्वळ जुनी म्हणून काढण्याचे कारण नाही.

पुराची रेषा

निवडीचा एक निकष पाठ्यपुस्तकात नसतो, पण कोल्हापूरकरांना तो विसरता येत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी नदीकाठच्या उपसा केंद्रांत शिरले. शहर पाण्याने वेढलेले असताना नळाला पाणी नव्हते, आणि शेतीच्या असंख्य मोटारी व स्टार्टर गाळात गेले. पुरात बुडालेली साधी मोटार धुऊन, गुंडाळी तापवून, इन्सुलेशनचा रोध मेगरने तपासून बहुधा पुन्हा चालविता येते. कॉन्टॅक्टरचा स्टार्टरही साफ करून, गरजेनुसार कॉइल बदलून उभा राहतो. गाळाच्या पाण्यात बुडालेली ड्राइव्ह किंवा सॉफ्ट स्टार्टर मात्र बहुतेक वेळा भंगारातच जातो. म्हणून नदीकाठच्या केंद्रावर इलेक्ट्रॉनिक साधन बसवायचेच असेल, तर त्याचे पॅनेल २०१९ च्या पूररेषेच्या वर, स्वतंत्र चौथऱ्यावर किंवा वरच्या मजल्यावर घ्यावे लागते. मोटार खाली आणि ड्राइव्ह वर म्हणजे केबल लांबली. केबल लांबली म्हणजे ड्राइव्हच्या बाहेरच्या बाजूला आउटपुट चोक आला. त्याची किंमत पहिल्याच दरपत्रकात मागून घ्यावी. आणि जेथे पॅनेल वर नेण्यास जागाच नाही, तेथे काढता येण्याजोगा साधा स्टार्टर आणि पावसाळ्यापूर्वी साखळी-पुली तयार ठेवणारा ऑपरेटर, हीच व्यवस्था अजून अनेक संस्था पसंत करतात.